कॅमेरा मागे पडल्यावर



२०२५च्या मे महिन्यात आम्ही आपल्या युवक मंडळाच्या चार मुलांसह पुण्याहून परतत होतो. गाडी आम्हीच चालवत होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. आमचा काटा ११५वर होता. मोबाइलने पुढे कॅमेरा असल्याची सूचना दिली. आम्ही ब्रेक दाबला. कॅमेरा मागे पडताच मागच्या सीटवरून आवाज आला, "फादर, आता पळवा!" सगळे हसले. आम्हीही हसलो, आणि गाडी पळवलीही.

घरी आल्यावर ते हसू टोचू लागले. कोणी पाहत नसताना माणूस जसा वागतो तेच त्याचे खरे रूप, असे याच मुलांना आम्ही शिकवत आलो होतो.

प्लेटोने 'रिपब्लिक' ग्रंथात गायजीसच्या अंगठीची गोष्ट सांगितली आहे. ती अंगठी फिरवली की मेंढपाळ अदृश्य होई. मग त्याने राजाला मारून राज्यच बळकावले. पकडले जाण्याची भीती नसेल तर माणूस न्यायाने का वागेल, हा त्या गोष्टीतला प्रश्न आहे.

आजची आपली अंगठी मोबाइलमध्ये आहे. पण यंत्रेही हुशार झाली आहेत. लेझर गन प्रकाशाचे किरण गाडीवर सोडते आणि ते परत यायला लागणाऱ्या वेळेवरून वेग काढते. २०२४ साली द्रुतगती मार्गावर नवी यंत्रणा आली. तिच्यात दोन ठिकाणचे कॅमेरे नंबरप्लेट वाचून वेळ टिपतात. मधले १० किलोमीटर ६ मिनिटांच्या आत कापले, तर वेग मर्यादेबाहेर गेला हे उघड होते. तिथे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून भागत नाही.

तरीही यंत्र आपल्याला फक्त सावध करील, चांगले करणार नाही. पूर्वी काही नीतिशास्त्रज्ञ म्हणत की काही कायदे 'केवळ दंडात्मक' असतात: सापडलात तर दंड भरा, विवेकबुद्धीवर ओझे नाही. आपल्यातील पुष्कळांचे मतही नकळत हेच असते. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजाच्या ३०व्या परिच्छेदात वेगमर्यादेचा स्पष्ट उल्लेख केला आहे. ती तुच्छ मानणारा स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालतो, असा त्याचा आशय आहे.

हा धोका मोजता येतो. ताशी ११५ वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ३२ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच एवढे अंतर संपते. वेग १००वरून ११५ झाला, की आघाताची ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. आपल्याला कॅमेऱ्याने पाहिले की नाही, याने त्यात काही फरक पडत नाही.

समोरून येणारा डिपर देऊन 'पुढे पोलीस आहेत' असे कळवतो. ही शेजारप्रीती म्हणावी का? तेवढ्यापुरता वेग कमी होतो खरा. पण रस्त्यात दगड पडला आहे म्हणून दिलेल्या डिपरमध्ये जिवाची काळजी असते, आणि पोलीस आहेत म्हणून दिलेल्यात खिशाची. एखादी मर्यादा अवाजवी वाटली, तर तिच्याविरुद्ध उघडपणे अर्ज करावा. चोरून मोडू नये.

नंतर आम्ही त्या मुलांजवळ आमची चूक कबूल केली. एकाने विचारले, "फादर, मग उशीर नाही का होणार?" आम्ही सगळ्यांनी मिळून हिशेब केला. अख्खा ९४.५ किलोमीटरचा मार्ग १००ऐवजी ११५च्या वेगाने कापला, तरी वाचतात जेमतेम साडेसात मिनिटे. मुले गप्प झाली. आम्हीही.

गाडीची चावी हाती घेताना आपण सर्वांनी हा हिशेब आठवावा. रस्त्यावर भेटणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी घरी परतत असतो.