ऑपरेशनची फाईल मुलीच्या हाती द्या

लहानपणी हृदयाचे ऑपरेशन झालेल्या मुलीची ती हकिगत आपल्याकडे दोनदा पुसली जाते. एकदा आनंदाच्या भरात: मुलगी शाळेत जाऊ लागली, धावू लागली, मग दवाखान्याच्या खेपा हळूहळू सुटतात. दुसऱ्यांदा मात्र ती जाणूनबुजून पुसतात. मुलगी विशीत येते, स्थळे पाहणे सुरू होते, छातीवरचा व्रण दिसू नये म्हणून बंद गळ्याची ब्लाऊज शिवली जातात आणि रुग्णालयाची फाईल माळ्यावरच्या ट्रंकेत तळाशी जाते. पहिले विसरणे मी समजू शकतो. दुसरे हा अन्याय आहे, आणि त्याची किंमत पुष्कळदा त्या मुलीच्या मूत्रपिंडांना मोजावी लागते.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून शरीराच्या वजनाचा अर्धा टक्काही भरत नाहीत, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. त्यामुळे हृदयाचे काही बिनसले की त्यांना झळ लागतेच. कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेत दोन तऱ्हांनी जाते: वरून पाणी पोचले नाही तर करपते, आणि निचरा झाला नाही तर चिबड होते. मूत्रपिंडांचेही तसेच. हृदय पुरेसे रक्त ढकलू शकले नाही तर ती उपाशी राहतात. उजव्या बाजूचे हृदय थकले, किंवा एकाच कप्प्यावर चालणाऱ्या हृदयासाठी फोंटान शस्त्रक्रिया झालेली असली, तर नीलांमधला दाब वर्षानुवर्षे चढलेला राहतो आणि ती तुंबतात. ओठ-नखे निळी पडणाऱ्या मुलांची तऱ्हा आणखी वेगळी. प्राणवायू कमी म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवते, रक्त दाट होते, मूत्रपिंडातल्या गाळण्या फुगतात आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. अशा मुलांचे ऑपरेशन पहिल्या वर्षाच्या आसपास व्हावे, पण आपल्याकडे पैशांअभावी, निदानाअभावी कितीतरी मुले त्या निळेपणातच मोठी होतात. त्यात हृदय-फुप्फुस यंत्रावरची शस्त्रक्रिया आणि अँजिओग्राफीतले औषध यांचाही मूत्रपिंडांवर ताण येतो.

लहानसे छिद्र वेळेवर बुजले असेल तर एवढी धास्ती बाळगण्याचे कारण नाही, हेही सांगितले पाहिजे. पण गुंतागुंतीचा दोष असलेल्यांची गोष्ट निराळी. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात जन्मजात हृदयदोष असलेल्या अकराशे प्रौढांची पाहणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या मूत्रपिंडांचे काम कमी झालेले आढळले. ज्यांचे ते बरेच खालावले होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण इतरांच्या तिप्पट होते.

आणि मूत्रपिंड ओरडत नाही. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसते तेव्हा बरेचदा निम्मी क्षमता गेलेली असते. मुलगी अंगाने बारीक असेल तर तो आकडा खोटा दिलासाही देतो, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येते. म्हणून लघवीतले प्रथिन तपासायचे, रक्तदाब पाहायचा, दरवर्षी. एरवी या तपासण्या अगदी स्वस्त आहेत. पण त्या करायला हव्यात हे नव्या डॉक्टरला कोण सांगणार? लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली. कंबर दुखली म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या, किंवा कोणा वैदूने शिसे-पारा असलेले भस्म दिले. दोन्ही मूत्रपिंडांना घातक. मग दिवस गेले. गरोदरपणात अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते, हृदय आणि मूत्रपिंडे दोघांचे काम वाढते. पायांवर सूज आली तर सासूबाई म्हणतात, सगळ्यांनाच येते. तपासणाऱ्या डॉक्टरला व्रणाची कहाणीच ठाऊक नाही, कारण माहेरून निघताना तिला बजावलेले असते: सासरी बोलायचे नाही.

आईबाप हे दुष्टपणाने करत नाहीत. व्रणाचा बभ्रा झाला तर मुलगी घरात राहील, या भीतीने करतात. म्हणून माझा राग त्या आईबापांपेक्षा त्यांना ही भीती घालणाऱ्या आपल्या सर्वांवर आहे. वधूच्या कातडीवर एकही खूण नको म्हणणारा मुलगा, ‘यांच्याकडे हृदयाचं काहीतरी आहे’ अशी कुजबुज करणारी आत्या, आणि मध्यस्थ म्हणून हे सारे शिताफीने निभावणारे प्रतिष्ठित गृहस्थ. मुलाच्या छातीवरचा असाच व्रण लग्नाच्या एवढा आड येत नाही. हा भेद लग्नाच्या कितीतरी आधी सुरू होतो. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ साली दाखवून दिले होते की शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यावरही मुलांच्या मानाने मुलींवर ती कमी वेळा होते. म्हणजे जी मुलगी ऑपरेशनपर्यंत पोचली, ती मुळातच एक भिंत ओलांडून आली. तिच्यापुढे दुसरी उभी करायचा आपल्याला काय अधिकार?

सरकारनेही इथे हात आखडता घेऊ नये. २०१३ साली पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडी-शाळांत जाऊन मुलांची हृदये तपासणारा हा उपक्रम मोलाचा आहे, त्यामुळे कितीतरी दोष सापडले. पण तो अठराव्या वर्षी थांबतो. मूत्रपिंडांची हानी मात्र पुष्कळदा त्यानंतरच उघड होते. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या मुलांनाही हेच लागू आहे. अठरा वर्षे पूर्ण होताना अशा प्रत्येकाची नोंद जिल्हा रुग्णालयाच्या प्रौढ विभागाकडे सोपवली गेली पाहिजे, आणि वर्षातून एकदा तिथून बोलावणे आले पाहिजे.

घरात करायचे ते आजही करता येईल. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिला तिच्या हृदयात काय दोष होता, काय केले, हे तिच्या भाषेत सांगा. डॉक्टरांकडून मराठीत एक पान लिहून घ्या: दोषाचे नाव, शस्त्रक्रियेची तारीख, चालू औषधे, कोणती वेदनाशामके टाळायची, लघवी आणि रक्त कधी तपासायचे, दिवस राहण्याआधी कोणाला भेटायचे. ते पान तिच्या दाखल्यांच्या पिशवीत राहू द्या. पाहायला आलेल्या मंडळींपुढे ते ठेवायचे की नाही, कधी ठेवायचे, हे तिने ठरवावे. नवऱ्याला मात्र लग्नाआधी कळलेच पाहिजे, आणि तेही तिच्याच तोंडून, कोणी मान खाली घालायला न लावता.