जिंकल्यानंतर

इस्लामपूरजवळच्या एका गावात तीन भाऊ राहत होते. वडिलांच्या मागे त्यांच्याकडे थोडी उसाची जमीन आली, एक विहीर आली आणि एक दावा आला. भावकीतल्या एकाने त्या जमिनीवर हक्क सांगितला होता. तिघांनी मिळून दावा लढवला. थोरल्याने शेत कसलं. धाकटा साखर कारखान्यात होता, त्याच्या पगारातून वकिलाची फी गेली. कोर्टाच्या तारखा मधल्याने केल्या. त्याला मूलबाळ नव्हतं. तोच तेवढा मोकळा, असं घरात सगळे म्हणायचे. तारीख पडली की तो सकाळच्या एसटीने इस्लामपूरला जायचा आणि पुढची तारीख घेऊन परत यायचा.

शेवटी निकाल त्यांच्या बाजूने लागला. गावात पेढे वाटले. पेढे संपायच्या आत वाटणीचं बोलणं निघालं. थोरला म्हणाला, विहिरीकडचा तुकडा माझा, घाम माझा गेला. धाकटा म्हणाला, पैसा माझा गेला. मधल्याबद्दल मात्र दोघांचं एकमत झालं. त्याच्या मागे खाणारं कोण आहे? त्याला कमी दिलं तरी भागेल.

मधला काही बोलला नाही. त्याने कागदांची पिशवी खुंटीला अडकवली आणि जनावरांना वैरण टाकायला गेला.

बातमी धारवाडला आत्याकडे पोचली. इस्लामपूरजवळच्या पेठनाक्यावरून जाणारा पुणे-बंगळूर रस्ता धारवाडवरून जातो. त्याच रस्त्याने ती नवरी होऊन गेली होती, आता म्हातारी होऊन आली. आपला हिस्सा तिने हक्कसोडपत्र करून भावाला कधीच दिला होता. त्यामुळे तिच्याशी भांडायला कुणाकडे काही उरलं नव्हतं.

रात्री जेवणं झाली. ती भिंतीला टेकून बसली आणि वानरांचं बोलू लागली.

तिचं लग्न झालं त्या काळात, 1961 मध्ये, सुगियामा नावाचे एक जपानी अभ्यासक धारवाडला आले होते. दोन वर्षं ते आसपासच्या रानात काळ्या तोंडाच्या वानरांमागे वही घेऊन हिंडले. लोक हसायचे. वानरांत काय बघायचं? पण त्यांनी जे बघितलं ते पुढे जगभर वाचलं गेलं.

एका कळपात मोठा नर एकच होता. बाकी माद्या आणि पिलं. बिनकळपाचे नर टोळी करून बाहेर हिंडत होते. एक दिवस ती टोळी कळपावर चालून आली. एकट्या नराचं टोळीपुढे काय चालणार? तो पळाला. टोळी जिंकली. आणि मग टोळीतलेच नर एकमेकांवर उठले. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून लढला, त्यांनाच एकाने हाकलून दिलं आणि कळप एकट्याचा केला. आधीच्या नराची पिलं त्याने चावून मारली. पिल्लू अंगावर पीत असलं की मादी लवकर माजावर येत नाही, आणि त्याला थांबायला वेळ नव्हता. बाहेर पुढची टोळी होतीच.

"मग?" धाकट्याचा पोरगा म्हणाला.

"मग त्याचाही दिवस येतो. एकट्याने किती दिवस राखण करायची?"

आत्याचा मुलगा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. सिंहांचं तिने त्याच्याकडून ऐकलं होतं. आफ्रिकेत, टांझानियातल्या सेरेनगेटीत, 1966 पासून सिंहांच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. तिथेही तरणे नर आपल्या कळपातून बाहेर पडायचे, दोघे-तिघे, कधी त्याहून जास्त मिळून हिंडायचे आणि दुसऱ्याच्या कळपावर चालून जायचे. जुन्या नरांची पिलं तेही मारायचे. सिंह काही साधू नव्हेत. पण जिंकल्यावर ते एकमेकांना हाकलत नव्हते. शिकारीवर गुरगुरायचे, पंजे मारायचे, पण हद्दीवर दुसऱ्यांची डरकाळी ऐकू आली की एकत्र जायचे. सिंहाचं पिल्लू हाताशी यायला दोन वर्षं लागतात. तोवर नर टिकले तर पिलं टिकली. एकटा नर तेवढा काळ टिकतोच असं नाही. टोळी मोठी असली की जास्त टिकते.

"दोघा-तिघांच्या टोळीत परका नरही चालतो," आत्या म्हणाली. "पण चार किंवा जास्त असले, तर सगळे एकमेकांचे भाऊबंद निघतात. 1991 मध्ये रक्त तपासून लोकांनी आणखी एक गोष्ट ताडून बघितली. अशा मोठ्या टोळीत काही नरांना स्वतःचं पिल्लूच नसतं."

"मग ते राहतात कशाला?" थोरल्याने विचारलं.

"भावाची पिलं असतात ना."

कुणी काही बोललं नाही. थोरला उगाच पानाचा डबा उघडझाप करत राहिला.

जिंकण्यापुरतं एकत्र येणं वानरांनाही जमतं. दावा जिंकेपर्यंत या घरातही कुणी हिशेब मांडला नव्हता. ज्याच्या मागे कुणी नाही, तोच इतरांच्या पोरांसाठी तारखा करत होता, आणि जिंकल्यावर त्याच्याच नावापुढे पहिली वजाबाकी झाली.

वाटणी टळली नाही. ती व्हायलाच हवी होती. एका चुलीवर किती दिवस ओढणार? पण तहसील कचेरीत गेले तेव्हा तीन सारखे हिस्से झाले आणि विहीर तिघांच्या नावावर सामाईक राहिली. अर्ज मधल्याने लिहिला, कारण कागद त्यालाच कळत होते.

पाण्याच्या पाळीवरून बोलाचाली पुढेही होत राहिली. शेतीची वीज कधी दिवसा यायची, कधी रात्री. मधल्याची पाळी रात्रीची आली की धाकट्याची पोरं बॅटरी आणि काठ्या घेऊन त्याच्याबरोबर जायची, कारण त्या उसात बिबट्या फिरत होता.