शार्त्रच्या काचेतला काळ

फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये, दक्षिणेकडच्या बाजूमार्गात, चांगल्या शोमरोन्याची एक रंगीत खिडकी आहे आणि ती खालून वर वाचायची असते. सर्वांत खाली चामडे कापणारे, जोडे शिवणारे कारागीर आहेत, तेराव्या शतकातले, बहुधा याच गावातले. ही काच त्यांनी आपखुशीने अर्पण केली की त्यांच्याकडून ती करवून घेतली गेली, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पण पायी प्रवासाची कथा जोडे शिवणाऱ्यांच्या डोक्यावर यावी यात मला मोठे औचित्य वाटते. कारण त्यांच्या वर येशूने सांगितलेला दाखला सुरू होतो: यरुशलेमहून यरीहोला निघालेला वाटसरू, त्याला लुटून अर्धमेला टाकणारे लुटारू, पाहूनही पुढे निघून जाणारे याजक आणि लेवी, आणि अखेर परका, तुच्छ मानलेला तो शोमरोनी, जो जखमा बांधतो आणि जखमीला उतारशाळेत पोचवतो. गोष्ट इथे संपली, असे आपल्याला वाटते. खिडकी मात्र संपलेली नसते; आणखी वर आदाम दिसू लागतो, नुकता घडवलेला, मग हव्वेसह फळापाशी उभा, मग एदेन बागेबाहेर घालवलेला.

लुटला गेलेला वाटसरू म्हणजे आदाम, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे चर्च, हा अन्वय ख्रिस्ती धर्माच्या आद्य आचार्यांनी लावला आणि मध्ययुगातल्या प्रवचनकारांनी तो लोकांच्या कानी घातला. चर्चमधल्या प्रतीकांची अशी कोष्टके पुस्तकांत सापडतात, आणि नवख्याला त्यांचा उपयोगही होतो. पण या काचेसमोर मी रेंगाळतो तो तिने काळाची जी मांडणी केली आहे तिच्यासाठी. दृष्टी जसजशी चढते तसतसा काळ मागे जातो: कारागिरांच्या वर्तमानातून येशूच्या दाखल्यात, दाखल्यातून सृष्टीच्या आरंभात. बहिणाबाईंच्या अभंगात ज्ञानदेव पायाशी आहेत आणि तुकोबा कळसाशी. तिथे आधीचे खाली आणि नंतरचे वर, हा क्रम आपल्या मनाला सहज पटतो, कारण घर असेच बांधले जाते. शार्त्रच्या या खिडकीत आरंभच उंचावर आहे. रस्त्यावर पडलेला जखमी डोळ्यांच्या जवळ आहे, हात पुढे करावा इतका जवळ, आणि त्या जखमेचे मूळ शोधू लागले की मान उंचावत उंचावत मनुष्यजातीच्या पहिल्या सकाळपर्यंत जावे लागते. दुःखाचा विचार करणारा कोणताही माणूस शेवटी याच दिशेने प्रवास करतो, असे मला वाटते.

1194च्या आगीत इथली जुनी वास्तू जळाली. पश्चिमेचा दर्शनी भाग आणि तळघर वाचले, आणि उरलेले बरेचसे पुढच्या तीसेक वर्षांत नव्याने उभे राहिले. थंड उत्तरेच्या दारांवर मुख्यतः जुन्या करारातली माणसे आली, उन्हाच्या दक्षिणेला ख्रिस्त आणि अंतिम न्याय. दिशा हीच जणू इथे भाषा झाली.

त्याच दक्षिण भुजेत, गुलाबाकृती खिडकीखाली, पाच उंच झरोके आहेत. मधल्यात मरिया बाळाला घेऊन उभी. दोन्ही बाजूंना चार संदेष्टे, आणि त्यांच्या खांद्यांवर जत्रेत वडिलांच्या खांद्यावर बसलेल्या मुलांसारखे चार शुभवर्तमानकार: यिर्मयाच्या खांद्यावर लूक, यशयाच्या मत्तय, यहेज्केलच्या योहान, दानीएलच्या मार्क. वाहणारे धिप्पाड, वाहिले जाणारे लहानखुरे. बाराव्या शतकात इथल्या कॅथीड्रलच्या विद्यालयात शिकवणारा बर्नार्ड म्हणत असे की आपण महाकाय पुरुषांच्या खांद्यांवर बसलेले बुटके आहोत, आणि दूरचे दिसते ते त्यांच्या उंचीमुळे. हे सांगून ठेवणारा सॉल्झबरीचा जॉन 1176मध्ये शार्त्रचाच बिशप झाला. काच रंगवणाऱ्याच्या कानावर ते बोल गेले होते की नाही याला पुरावा नाही. मला त्या काचेत त्याहून वेगळेच काही जाणवते. खांद्यावरच्याला क्षितिज दिसते, पण ज्याने त्याला उचलून धरले आहे त्याला वर कोण आहे हे मान वळवूनही नीट पाहता येणार नाही. संदेष्ट्याने ज्याची वाट पाहिली ते त्याच्याच डोक्यावर घडते आहे. परंपरेचे हे अर्धे दुःख आपण फारसे बोलून दाखवत नाही. वारसा मिळालेल्याचे ऋण आपण गातो, आणि देणाऱ्याचे न पाहणे विसरतो.

अशा चित्रांना निरक्षरांचे बायबल म्हणण्याची प्रथा आहे. मला ती अपुरी वाटते, कारण यातल्या कित्येक खिडक्या इतक्या उंच आहेत की तिथला बारीक तपशील जमिनीवरून साक्षरालाही वाचता येत नाही. तरीही कारागिराने तिथेही वस्त्राची चुणी न चुणी काळ्या रेषेने रेखली, शिशाच्या पट्ट्यांत काच नेमकी बसवली. वाचले जाणे हेच त्याचे प्रयोजन असते तर एवढे कष्ट व्यर्थ ठरले असते. 1939मध्ये, युद्ध तोंडाशी आले असताना, या काचा एकेक करून उतरवल्या गेल्या, दूर सुरक्षित ठेवल्या गेल्या आणि शांतता झाल्यावर पुन्हा आपापल्या जागी बसवल्या गेल्या. ज्यांनी ते काम केले त्यांना, आपण जपतो आहोत ते पुन्हा उभे राहिलेले पाहायला आपण असू की नाही, याची खात्री नव्हती. यशया आणि यिर्मयाच्या रांगेत मी त्यांनाही धरतो.