लागणं आणि देणं

मराठीत लक्ष 'देतात' आणि लक्ष 'लागतं'. शाळेत माझ्या वाट्याला फक्त पहिलं क्रियापद आलं. 'लक्ष देत नाही' हा शेरा पहिलीपासून दहावीपर्यंत माझ्या प्रगतिपुस्तकात होता. देण्यासारखी वस्तू माझ्यापाशी आहे आणि मी ती अडवून धरली आहे, असं त्यातून निघायचं. घरी त्यालाच धांदरट, वेंधळा, बेफिकीर म्हणत. हे शब्द मीही चाळीस वर्षं खरे मानले.

एक्केचाळिसाव्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांनी मला आईला सोबत घेऊन यायला सांगितलं. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराची, लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात; ती मोठेपणी अचानक उगवत नाहीत. आईने ट्रंकेतून माझी जुनी प्रगतिपुस्तकं आणली होती. ज्या शेऱ्यासाठी मी मार खाल्ला, तो त्या दिवशी डॉक्टरांनी पुरावा म्हणून वाचला.

मेथिलफेनिडेट सुरू झालं. मेंदूतल्या पेशी डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन सोडतात आणि लगेच परत ओढून घेतात. हे औषध त्या परत ओढण्याला अडथळा करतं, म्हणून ती रसायनं दोन पेशींमधल्या फटीत थोडी जास्त वेळ टिकतात. लक्ष लागणं त्यामुळे सोपं होतं. ते कुठे लागावं, हे मात्र गोळी ठरवत नाही. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी गोळी घेतली आणि दुपारपर्यंत द्यायचा अहवाल लिहायला बसण्याआधी, सहज म्हणून, कोकणातल्या जुन्या सहलीचे फोटो उघडले. साडेबारा वाजता भानावर आलो तेव्हा शेकडो फोटो तारीखवार लावून झाले होते. इतक्या एकाग्रतेने मी आयुष्यात काही केलं नव्हतं. अहवालाची एक ओळही झालेली नव्हती.

तेव्हापासून माझ्या लेखी गोळी घेतल्यानंतरचा पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा आहे. लक्ष लागू लागेल तेव्हा समोर काय असेल, ते मी आदल्या रात्री ठरवतो. फाइल टेबलावर, हव्या त्या पानावर उघडलेली. फोन स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर. नाश्ता गोळीच्या आधी, कारण नंतर भूक मरते आणि दुपारचा डबा उघडावासाच वाटत नाही. एक वाजता गजर होतो, मग भूक असो-नसो, जेवतो. साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो, हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळीचा आठ ते बारा. ती उशिरा घेतली तर रात्रीची झोप जाते. असर उतरतानाची वेळ मला सगळ्यात कठीण जाते. मुलगा गणित विचारायला यायचा आणि मी त्याच्या अंगावर ओरडायचो. हे रोज साधारण एकाच वेळी होतं, हे बायकोच्या लक्षात आलं. तिने महिनाभर कॅलेंडरवर वेळा लिहिल्या. ते पान पाहून डॉक्टरांनी गोळीचा प्रकार बदलला. नाडी, रक्तदाब, वजन ते दर भेटीत बघतातच, पण संध्याकाळी घरात काय होतं ते कुठल्याही यंत्रात दिसत नाही.

मेथिलफेनिडेट १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या, कायद्याच्या यादीत आहे, आणि ते योग्यच आहे; या औषधाचा गैरवापर होतो. पण त्यापायी करावी लागते ती कसरत नेमकी आमच्यासारख्यांनाच जड जाते. चिठ्ठी संपायच्या आत डॉक्टरांची वेळ घ्यायची, ती पाळायची, औषध ठेवणारं मेडिकल शोधायचं. अमेरिकेत २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एडीएचडीवरच्याच अॅडरॉल या औषधाचा तुटवडा अधिकृतपणे जाहीर झाला, तेव्हा न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ दुकानामागून दुकानाला फोन करत होता. तिथे या गटातल्या औषधाची एक चिठ्ठी पुन्हा चालत नाही, दर खेपेला नवी लागते. विसरणं हाच ज्याचा आजार, त्याच्या उपचाराची सगळी भिस्त न विसरण्यावर.

इथे एका दुकानदाराने चिठ्ठी पाहून मोठ्याने विचारलं, "लहान मुलासाठी का?" मागे रांग होती. मी "हो" म्हणालो. त्या 'हो'ची लाज मला अजून वाटते. रक्तदाबाची गोळी घेताना मी असं खोटं बोललो नसतो.

"मग काम तू केलंस की गोळीने?" असंही विचारतात. १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी अमेरिकेत, ईस्ट प्रॉव्हिडन्सच्या मुलांच्या रुग्णालयात, बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध वापरलं. तिथल्या एका तपासणीनंतर मुलांना होणारी डोकेदुखी त्याने थांबेल अशी त्यांची अपेक्षा होती. डोकेदुखी फारशी थांबली नाही, पण तीसपैकी चौदा मुलांचा अभ्यास ठळकपणे सुधारला. मुलं बेन्झेड्रिनला गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. पण बेन्झेड्रिनला बेरीज येत नाही. उदाहरणं त्या मुलांनीच सोडवली होती. भरकटणाऱ्या मनाला प्रतिभा म्हणून गौरवणारेही मला भेटतात. त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. त्या भरकटण्यात माझी एक नोकरी गेली, विम्याचे हप्ते बुडाले, जिवलग मित्राच्या आईच्या तेराव्याला मी पोचलो नाही. मला तेव्हाही या सगळ्याबद्दल आस्था होती. ती कामी आली नाही.

तपासणीच्या दिवशी रिक्षातून परतताना आई बराच वेळ गप्प होती. हा विकार बऱ्याच अंशी घराण्यातून येतो, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबांनी सहा नोकऱ्या सोडल्या, असंख्य कामं हाती घेतली, आणि बेफिकीर हे नाव घेऊनच गेले. घराजवळ आल्यावर आईने विचारलं, "मग ह्यांचंही तसंच होतं का रे?"

गेलेल्या माणसाचं निदान होत नाही, म्हणून मी काहीच बोललो नाही. आमच्या माजघरात बाबांनी स्वतः करायला घेतलेलं सागवानी कपाट आहे. फळ्या बसल्या, दारं राहिली. त्या संध्याकाळी आईने ते रिकामं करून आतून पुसलं, आणि माझी प्रगतिपुस्तकं पुन्हा ट्रंकेत न टाकता त्याच्या वरच्या फळीवर ठेवली.