गोष्ट कुणाची?

गोष्ट एकदा सांगून झाली की ती कुणाची? सांगणाऱ्याची, की जीव लावून ऐकणाऱ्याची? फराळाच्या ताटाशी बसून गंमत म्हणून बोलावा असा हा विषय खरा. पण त्याच्या पोटात नीतीचा एक मोठा प्रश्न आहे. ज्यावर आपण प्रेम करतो, त्यावर आपला हक्क किती?

कार्टून मालिकांचे वेड लागलेली मुले पाहिली की हा प्रश्न फार ठळक होतो. ही मुले मालिका नुसती पाहत नाहीत. पुढे काय होणार याचे तर्क लढवतात, पात्रांची चित्रे काढतात, कर्त्याने न सांगितलेल्या गोष्टी स्वतः लिहितात, आणि त्यावर तासन्‌तास वाद घालतात.

अमेरिकेत २०१२ साली ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ ही मालिका सुरू झाली. दोन जुळी भावंडे सुटीत आपल्या चुलत आजोबांकडे येतात आणि तिथे त्यांना रहस्यांनी भरलेली एक जुनी वही सापडते. ती लिहिली कुणी, हे कोडे. कर्ता अ‍ॅलेक्स हिर्श याने पहिल्या काही भागांच्या शेवटी सांकेतिक ओळी ठेवल्या होत्या. प्रत्येक अक्षर तीन घरे मागे सरकवले की अर्थ लागे. एवढे खाद्य मिळाल्यावर प्रेक्षक स्वस्थ कसे बसतील? आजोबांना जुळा भाऊ असावा आणि वही त्याचीच असावी, असा तर्क काहींनी केला. तो अचूक होता! हिर्शने गोष्ट बदलली नाही. २०१३ साली त्याने एक खोटे चित्र मुद्दाम ‘फुटू’ दिले आणि त्यात वहीचा लेखक म्हणून भलतेच पात्र दाखवले. २०१५ साली उलगडा झाला, तेव्हा तो पहिला तर्कच खरा ठरला.

याला लबाडी म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. लपंडावात दडून बसणारा कुणाला फसवत नसतो. शोधणाऱ्याच्या हुशारीचा तो मानच ठेवत असतो.

मी स्वतः कादंबऱ्या लिहिते, म्हणून या खेळातली सांगणाऱ्याची बाजूही मला ठाऊक आहे. माझ्या एका कादंबरीतली नायिका शेवटी माहेरी परत येते. वर्गातल्या एका मुलीने वहीत तिची पुढची हकिगत लिहिली. तिला शिवणयंत्र घेऊन दिले, दुकान थाटून दिले आणि ती वही मला वाचायला दिली. वाचताना क्षणभर वाटले, माझ्या लेकीचा संसार हिने मला न विचारता कसा मांडला? पण मग मनात आले, सासरी गेलेली लेक सुखात आहे ना, एवढेच आईने पाहावे. माझ्या पुस्तकातला एकही शब्द त्या वहीने पुसला नव्हता.

आपल्याकडे हे नवे नाही. जात्यावर बसलेल्या बायकांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या रचल्या आणि त्यांत आपले स्वतःचे दुःख ओतले. सीता त्यांची झाली, म्हणून वाल्मीकींची काही उणी झाली नाही.

मग हा हक्क अमर्याद आहे काय? इथे दुसरी एक मालिका आठवते. रिबेका शुगर यांची ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ २०१३ साली सुरू झाली. शत्रूलाही मायेने जिंकू पाहणाऱ्या एका मुलाची ही गोष्ट. तिच्या एका तरुण चाहतीने पात्रांची चित्रे काढली. मूळच्या स्थूल पात्रांना ती सडपातळ करते, असा इतर चाहत्यांचा आक्षेप होता. आक्षेप घेण्यात गैर काही नव्हते. स्थूल देहाला कुणी कमी लेखू नये, ही कळकळ रास्तच होती. पण आक्षेपाचा छळ झाला. तो इतका वाढला की २०१५ साली त्या मुलीने जीव देण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ती वाचली. मायेच्या गोष्टीवर प्रेम करणाऱ्यांपाशी एका जित्याजागत्या मुलीसाठी माया उरली नव्हती!

हे ऐकल्यापासून गोष्ट कुणाची हा वाद मला दुय्यम वाटू लागला आहे. चित्रातले पात्र कुणी कसेही रंगवले, तरी मूळ मालिकेत ते जसेच्या तसे उभे असते. माणसाचे तसे नसते.

म्हणून वर्गात मी मुलांना सांगते, की तर्क लढवा, शेवट बदला, लेखकाशी खुशाल भांडा. पण शेजारच्या बाकावरच्या चित्रावर शाई ओतू नका.