अभयदानातला वाटा

माझी भाची परदेशात असते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "मावशी, पाचशे किलोमीटर सायकल चालवणार आहे. आफ्रिकेत जंगल राखणाऱ्या बायकांसाठी पैसे जमवतेय. किलोमीटरमागे किती देशील?" मी लगेच हो म्हटलं. मग तिने पाठवलेला फोटो पाहिला आणि हात आखडला. त्या बायकांच्या हातात बंदुका होत्या.

या बायका झिम्बाब्वेच्या. त्यांच्या दलाचं नाव आकाशिंगा, तिथल्या शोना भाषेत 'शूर'. पूर्वी जिथे हौशी शिकारी पैसे भरून येत, त्या झांबेझी खोऱ्यातल्या जंगलात २०१७ साली हे काम सुरू झालं. नवऱ्याने टाकलेल्या, मार सोसलेल्या, एकटीने मुलं वाढवणाऱ्या बायकांना मुद्दाम घेतलं. हस्तिदंतासाठी येणाऱ्या चोरट्या शिकाऱ्यांना त्या अडवतात, पकडतात. आणि छावणीतलं जेवण? मांस-मासळी तर नाहीच, दूध-अंडीही नाहीत!

दक्षिण आफ्रिकेतल्या 'ब्लॅक माम्बा' बायका २०१३ पासून बंदुकीशिवाय गस्त घालतात, जनावरांसाठी लावलेले फास शोधून काढतात. मला वाटलं, पैसे यांनाच द्यावेत. पण धोका दिसला की त्याही हत्यारी पथकालाच बोलावतात. म्हणजे बंदूक आहेच, फक्त चार पावलं मागे.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय, ही चार दानं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पहिली तीन घरबसल्या जमतात. अभयदानाचं तसं नाही. हत्तीला अभय द्यायचं तर त्याच्या आणि शिकाऱ्याच्या मधे कुणीतरी जिवावर उदार होऊन उभं राहावं लागतं.

शास्त्र म्हणतं, स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि मनाने मान्य केलेलं, तिन्हींचं कर्म लागतं. मग गोळी सुटलीच तर त्यात माझाही वाटा. पण मैत्रिणींनो, आपले दागिने ज्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, तिच्या दारातही बंदूकवाला बसतो. त्याच्याबद्दल मला कधी असा प्रश्न पडला नव्हता. सोन्यासाठी चालते ती बंदूक हत्तीसाठीच कशी खुपली?

जाणूनबुजून मारणं ती संकल्पी हिंसा, गृहस्थाने ती सोडायचीच. स्वतःच्या किंवा आश्रिताच्या रक्षणासाठी घडते ती विरोधी हिंसा. गृहस्थाला ती पूर्णपणे टाळता येत नाही, हे शास्त्रानेही ओळखलंय. ओळखलंय, पुण्य म्हटलेलं नाही.

पाय भाचीचे, पैसे माझे, जीव मात्र त्या बायकांचा. त्यात माझाच वाटा सगळ्यात सोपा, आणि हात स्वच्छ राहावेत हा हट्टही माझाच!

पैसे पाठवले. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले, तेव्हा त्या बंदुकीतला माझा वाटाही आठवला. तोही म्हणून टाकला.