सावलीला थांबलेली रेणुका

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४

मित्रांनो, हे चिंतन खरं तर गेल्या मंगळवारी यायला हवं होतं. लिहून तयारही होतं. पण टाकलं नाही. का टाकलं नाही, तेच आज सांगतो.

गेला आठवडा मी माहूरला होतो, आई-बाबांकडे. मे महिना, नवतपा तोंडावर. मुंबईचा उकाडा घामाचा असतो, अंग चिकचिकतं. इथली ऊब कोरडी. दुपारी दार उघडलं की भट्टीचं तोंड उघडल्यासारखी झळ लागते आणि घाम यायच्या आधीच वाळून जातो. डोंगरावरचा साग निष्पर्ण, पैनगंगेच्या पात्रात पाण्यापेक्षा दगड जास्त. सोमवारी मोबाईलवर ४३ दिसत होतं, बुधवारी ४४. हवामान खात्याच्या व्याख्येत सपाट प्रदेशात पारा ४५ ला पोचला की सरळ उष्णतेची लाट म्हणतात. म्हणजे आम्ही एका अंशाने अलीकडे!

सोमवारी दुपारी लाईट गेली. कूलर बंद, लॅपटॉप बॅटरीवर, हॉटस्पॉटवर स्टँडअप कॉल चालू. तरी चिडचिड झाली नाही. उलट बरं वाटलं. गीतेतला हाच श्लोक मनात होता : इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख होणारच, ते येतं आणि जातं, टिकत नाही, म्हणून ते सोसायला शीक. तितिक्षा म्हणतात ती हीच. रात्री बसून छान पानभर लिहिलं. पुण्यात एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं तरी भांडणारा मी, माहूरच्या उन्हात शांत बसलो होतो. खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला.

आता दुसरी बाजू. आमच्या घरावर वरची खोली बांधायचं काम चालू आहे. पैसे मी देतोय, त्यामुळे ‘मालक’ मीच. मृग लागायच्या आत स्लॅब पडायला हवा आणि मला रविवारी पुण्याला परतायचं होतं. म्हणून ठेकेदाराला मीच सांगितलं होतं, दुपारची सुट्टी अर्ध्या तासाची ठेवा, काम रेटा. ऑफिसात डेडलाइन जवळ आली की आम्ही हेच करतो ना!

मंगळवारी दीड वाजता मी खिडकीशी बसून त्या पोस्टवर शेवटचा हात फिरवत होतो. बाहेर एक बाई डोक्यावर विटा घेऊन जिन्याने वर जात होती. दोन-तीन खेपांनंतर ती अंगणातल्या कडुनिंबाखाली टेकली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी घड्याळाकडे पाहिलं. मग खिडकीतूनच विचारलं, “काय झालं ताई? काम थांबलं का?”

ती गडबडून उठली. “पाय पोळायलेत भाऊ, जराशी टेकले होते.” आणि घमेलं उचलून निघाली.

तिच्या चपलेचा तळ टाचेकडे पार झिजला होता. ते मला दिसलं. दिसूनही मी काही बोललो नाही, स्क्रीनकडे वळलो. पुढचं वाक्य तितिक्षेवर होतं. ते काही पूर्ण होईना. पोस्ट तशीच राहिली.

गुरुवारी तिला भोवळ आली. नशीब, जिन्यावर नाही, खाली आल्यावर. आईने तिला ओसरीत निजवलं, ओलं फडकं मानेवर-कपाळावर ठेवलं, शुद्धीवर नीट आल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. तासाभराने ती सावरली आणि पहिलं काय विचारलं असेल? “आजची रोजी कापणार का?”

संध्याकाळी आई मला एवढंच म्हणाली, “अरे, आपल्या रेणुकेलाही सावलीला थांबावं लागलं होतं. तू कोण लागून गेलास?”

माहूरचा मी. गडावर किती वेळा गेलो, तांबूलाचा प्रसाद किती वेळा खाल्ला. पण ही कथा मी कधी नीट वाचलीच नव्हती. महाभारताच्या अनुशासनपर्वात ती आहे. छत्री आणि पादत्राणं दान करायची पद्धत कुठून आली, असं युधिष्ठिर विचारतो आणि भीष्म ही गोष्ट सांगतात.

जमदग्नी ऋषी बाण मारायचा सराव करत होते. ते बाण सोडायचे आणि रेणुका धावत जाऊन ते गोळा करून आणायची. ज्येष्ठाचे दिवस, सूर्य माथ्यावर. डोकं तापलं, पाय भाजले, म्हणून ती क्षणभर एका झाडाच्या सावलीत थांबली. शापाच्या भीतीने जास्त थांबलीही नाही. परत आली तेव्हा ऋषींनी रागावून पुन्हा पुन्हा विचारलं : उशीर का झाला?

इथे मी वाचायचा थांबलो. कारण हा प्रश्न मी मंगळवारी विचारला होता. खिडकीतून.

पुढची गोष्ट तुम्हाला कदाचित माहीत असेल. ऊन सोसेना, असं रेणुकेने सांगितल्यावर जमदग्नींचा राग सूर्यावर वळला. त्यालाच खाली पाडतो म्हणून त्यांनी धनुष्य उचललं. सूर्य ब्राह्मणाच्या रूपात आला आणि म्हणाला, सूर्याने तुमचं काय बिघडवलं? तो पाणी ओढून घेतो, तेच पावसात परत देतो, त्यातूनच अन्न होतं. युक्तिवाद बिनतोड आहे. माहूर ज्या दत्तप्रभूंचं निद्रास्थान, त्या अवधूताच्या चोवीस गुरूंमध्येही सूर्य आहे, आणि तोही नेमक्या याच गुणासाठी : घेतो आणि वेळेवर देतो. पण ऋषी ऐकेनात. शेवटी सूर्य शरण आला, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, तुझ्या किरणांनी तापलेल्या वाटेवरून चालता येईल असा काही उपाय दे. सूर्याने छत्री दिली, पादत्राणं दिली.

या कथेत मला दोन गोष्टी लागल्या. पहिली, रेणुकेला कुणीही ‘सोस’ असं म्हणत नाही. तिचं थांबणं हा तिच्या तपात खोट आल्याचा पुरावा ठरत नाही. ज्या महाभारतात गीता आहे, त्याच महाभारतात ही छत्रीही आहे. उन्हाचं उत्तर एकीकडे तितिक्षा आहे आणि दुसरीकडे सावली. मग खरं कुठलं?

मला वाटतं, उत्तर व्याकरणातच आहे. गीतेतलं ते क्रियापद आज्ञार्थी आहे, एकवचनी आहे आणि आत्मनेपदी आहे. आत्मनेपद म्हणजे ज्या क्रियेचं फळ करणाऱ्याकडे वळतं. सोसायचं ते स्वतः, स्वतःसाठी. शिवाय भगवान हे कुठून सांगतात? अर्जुनाच्याच रथावर, त्याचेच लगाम धरून. पुढे भीष्मांचे बाण त्यांनाही लागले. मी मात्र कूलरच्या खोलीतून, दुसऱ्याच्या डोक्यावरच्या विटांना तितिक्षा लावत होतो. माझं ऊन सोसणं ही साधना होती. तिच्या ऊन सोसण्यावर माझी डेडलाइन उभी होती. शब्द एकच, पण पहिली तितिक्षा आणि दुसरी सोय.

दुसरी गोष्ट कथेत कुणी बोलत नाही, हे माझं वाचन. जमदग्नी आधी रेणुकेवर रागावले, मग सूर्यावर. पण भर दुपारी बाण कोण सोडत होतं? आपलंही असंच होतं. ‘काय ऊन आहे यंदा’, ‘पृथ्वी तापतेय’ असं स्टेटस टाकतो आणि तेवढ्यात भर दुपारी दहा मिनिटांत आईस्क्रीम मागवतो. ऊन देवाचं आहे. ते कुणी कुठल्या वेळी अंगावर घ्यायचं, हे मात्र बऱ्याचदा माणसाने ठरवलेलं असतं.

शुक्रवारपासून कामाची वेळ बदलली. सकाळी सहा ते अकरा, संध्याकाळी साडेचारनंतर अंधार पडेपर्यंत. आपत्ती व्यवस्थापनवालेही १२ ते ३ उन्हात जाऊ नका असं दरवर्षी सांगतात, मी ते दरवर्षी फॉरवर्डही करतो! ठेकेदार कुरकुरला, “असं केलं तर स्लॅब लांबेल.” लांबला. रोजी पूर्ण द्यायची ठरली, खर्च वाढला. मी रविवारी निघालो तेव्हा वर नुसत्या सळया उभ्या होत्या. पाऊस लवकर आला तर नुकसान होईल, ती धाकधूक अजून आहे. ती मात्र माझी मला सोसायची आहे. हे माझ्या वाट्याचं ऊन.

शनिवारी पहाटे गडावर जाऊन आलो. येताना बाजारातून चपलांचा जोड घेतला. अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे पाण्याचा घडा, छत्री, जोडे देतात, तसा दानाचा आव आणून द्यायचा मोह झाला. पण आईने तो माझ्या हातून काढून घेतला आणि कामाच्या सामानात ठेवला. म्हणाली, “हे दान नाही रे. हे तर कामाच्या पहिल्या दिवशी द्यायचं होतं.”

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. तिला भोवळ आलीच नसती, तर मी वेळ बदलली असती का? मंगळवारी चप्पल दिसली होती. उत्तर मला माहीत आहे आणि ते चांगलं नाही. म्हणून ती जुनी पोस्ट मी पुसून टाकली.

आजचा छोटा संकल्प : ‘सोसायला हवं’ असं मनात आलं की एकदा विचारायचं, कुणी? उत्तर ‘मी’ असेल तर गीता उघडायची. उत्तर दुसरं कुणी असेल, तर आधी सावली बघायची.

उद्या श्लोक १५.

॥ आई रेणुकेचा उदो उदो ॥